धाकट्याचे एकशे बारा

ताईने तिसऱ्यांदा बँकेचं पान उघडलं आणि पडद्यावर बोट टेकवून एकेक ओळ खाली सरकली. धाकट्याचे पैसे आलेले नव्हते.

रविवारी सकाळी चहाचे कप विसळून झाले की ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्रेडिट कार्डाचं वेगळं खातं तिने केलं होतं. एक तिचं, एक नवऱ्याचं, आणि तिसरं ‘धाकटा’ या नावाचं. खर्च नोंदला की शिल्लक लाल व्हायची, भरणा नोंदला की शून्यावर यायची. बँकेच्या पत्रकाशी ओळ न् ओळ ताडून पाहिल्याशिवाय तिचा महिना संपत नसे. आठवड्याचे सहा दिवस दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या घडवणारी बाई ती. केसाएवढा फरक तिला खपत नसे.

‘धाकटा’ खात्यात आज एकशे बारा लाल दिसत होते.

ते कार्ड तिच्याच कार्डाला जोडलेलं होतं. आई आजारी असताना औषधांसाठी दर वेळी पैसे मागायला नकोत म्हणून तिने ते भावाला करून दिलं होतं. मग ऑपरेशन ठरलं. तो नको म्हणत होता, तिने कागदावर सही केली, आणि आई टेबलावरून परत आलीच नाही. “सही तू केलीस,” एवढंच तो हॉस्पिटलच्या जिन्यात म्हणाला. त्यानंतर तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

कार्ड मात्र तसंच राहिलं. आई गेल्यानंतर सहा महिन्यांनी बँकेचा मेसेज आला, की हे कार्ड वापरात नाही, बंद करण्यात येईल. तो त्यालाही गेला असणार. कारण त्याच आठवड्यात एका हार्डवेअरच्या दुकानातली अडतीसची खरेदी उमटली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या खात्यात बरोबर अडतीस आले. तेव्हापासून दर महिन्याला असंच. कधी साठ, कधी पंचेचाळीस, आणि दुसऱ्या दिवशी पैसान् पैसा परत. ती दोन ओळी नोंदायची, शून्य झालेलं पाहायची. वर्षाकाठी त्या कार्डाची फी भरायची. नवऱ्याने विचारलंच तर “राहू दे” म्हणायची.

या वेळी खरेदी तीन तारखेची होती. आज पंचवीस.

“अगं, उघडून उघडून झिजेल ते पान,” नवरा पेपरामागून म्हणाला.

“पैसे आले नाहीत त्याचे.”

“किती?”

“एकशे बारा.”

“अरे बापरे. घर विकावं लागेल आता.”

ती हसली नाही. त्याने पेपर खाली केला.

“विसरला असेल गं.”

“छत्तीस महिन्यांतले तीस महिने मी बघतेय. एकदाही विसरला नाही.” तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. “लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करतो तो, अहो. तीन तारखेनंतर त्याचं काहीच नाही इथे.”

“मग फोन कर.”

“एकशे बारासाठी?”

“एकशे बारासाठी नको करूस.”

तो उठला, पेपर काखेत मारला आणि काही काम नसताना गॅलरीत जाऊन उभा राहिला.

ताईने नंबर काढला. तो तिने पुसलेला नव्हता. लावायच्या आधी काय बोलायचं ते मनाशी दोनदा घोळवलं. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

“हॅलो. ताई?”

घोळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

“तुझे एकशे बारा राहिलेत,” ती म्हणाली.

“हो का?”

“तीन तारखेचे. टॉर्चचे सेल घेतले असशील.”

“सेल नाही. स्क्रूची डबी.”

“बरा आहेस ना?”

पलीकडे लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला, मग आवाज थांबला. तो कुठेतरी शांत जागी जाऊन उभा राहिला असावा.

“बरा आहे. तुझ्या कवळ्या काय म्हणतात?”

“चावत नाहीत अजून कुणाला. तुझे दात आहेत का जागेवर?”

“आहेत. एक हलतोय.”

“पडला की ये. तोपर्यंत माझ्याकडे काही काम नाही तुझं.”

तो हसला. वरच्या पट्टीतलं, थोडं नाकातलं, लहानपणापासून होतं तसंच. ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. सहीचा विषय त्याने काढला नाही, तिनेही नाही.

“रविवारी हिशेबाला बसतेस ना अजून?” त्याने विचारलं.

“बसलेच आहे. तुझ्यामुळे अडलाय महिना.” ती थांबली. “विसरलास ना रे भरायला?”

“नाही.”

तिने लाल आकड्याकडे पाहिलं. नेहमीच्या कोरड्या आवाजात तिने विचारलं,

“मग कधी भरतोयस?”

“नाही भरले तर काय करशील?”

“काय करणार? पुढच्या रविवारी परत फोन करीन.”



“मग राहू देत,” तो म्हणाला.