आठ दिवसांनी धाकटी

गौतमीनं झेंडूच्या वाफ्याकडेला पिशवी टेकवली आणि मुठीची ताकद मोजायचं यंत्र काढलं. कोरेगाव भीमाच्या शिवारात आरोग्य पाहणी चालली होती. कोणत्या समाजातली माणसं वयाच्या मानानं किती थकलीत, ते मोजायचं.

वच्छलाबाई मळ्याच्या मालकीणबाई. त्यांनी खुरपं ठेवून यंत्र हातात घेतलं.

"म्हशीचा सड पिळल्यावानी दाबायचं का गं?"

चोवीस किलो. वय त्रेसष्ट. गौतमीच्या टॅबच्या पडद्यावर हिरवा ठिपका.

मग बौद्धवस्तीतून खुरपायला येणाऱ्या ताईबाई. ओठ आवळून दाबलं, बांगड्या पार कोपराशी घसरल्या. तेरा. आधारवर वय पंच्याहत्तर. पुन्हा हिरवाच.

"म्हंजी मी धड हाय?"

"वयाच्या मानानं, मावशी."

ताईबाईंनी बांगड्या मनगटाकडं सारल्या. महिन्यात दोनदा त्या हौदापाशी पडल्या होत्या. लाल ठिपका आला, तरच गुरुवारच्या गाडीनं शिरूरला तपासणीसाठी नेणार होते.

"पंच्याहत्तर?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मग मी काय हिची लेक? अगं, हिची आई सुईण. ही पोटात असताना तिनं माझी नाळ कापली. आन् आठ दिसांनी ही झाली."

"मग कार्डावर असं कसं?"

"आधारच्या क्यांपातल्या पोरानं तोंडाकडं बघितलं आन् लिवलं," ताईबाई म्हणाल्या.

बहात्तरच्या दुष्काळात दोघी दहा वर्षांच्या. वच्छला चौथीत होती, ताई खडी फोडायला. गौतमीनं पडद्यावरचं वय पुन्हा वाचलं. बाई थकली म्हणून म्हातारी लिहिली गेली, आणि म्हातारी म्हणून धडधाकट ठरली.

तिनं ऑफिसातल्या पूनम मॅडमना फोन लावला. वय बदलायचं तर जन्माचा माहीतगार हवा, त्याचा स्वतःचा वयाचा दाखला आणि सही हवी, असं त्या म्हणाल्या.

वच्छलाबाई घरात गेल्या. पत्र्याच्या पेटीतून शाळेचा पिवळा दाखला घेऊन आल्या आणि मांडीवर कागद ठेवून एकेक अक्षर जोडत सही केली. गौतमीनं वय बदललं. त्रेसष्ट. ठिपका लाल झाला.

"लाल म्हंजी वंगाळ?"

"म्हंजी गुरुवारी गाडीत जागा, मावशी."

"गाडीची पायरी उंच असती. चढवायचं कुनी?"

"मी येते की," वच्छलाबाई म्हणाल्या. "थोरली हाय न्हवं."

"आठ दिसांनी," ताईबाई म्हणाल्या, आणि उठायला हात पुढं केला.