दोन सारखी बटणं

डोळे मिटून त्याने स्टिअरिंगखाली हात नेला, जरा चाचपडला आणि बटण फिरवलं. वायपर जागचा हलला नाही. समोरच्या भिंतीवर पडलेला दिव्यांचा उजेड मात्र गेला.

"बघितलंस?" शेजारी बसलेल्या बायकोला तो म्हणाला. "ज्याने बनवलं, त्याचाही हात चुकतो."

तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली.

या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकांना कंपनीने आज कारखान्यात बोलावलं होतं. गाडी नव्याने निघणार होती. आतली बटणं ठेवायची की सगळा कारभार पडद्यावर न्यायचा, यावर त्यांची मतं हवी होती. मूळची मांडणी त्याची, म्हणून त्यालाही आग्रहाने बोलावणं होतं. बाहेर मालकांचा गलका चालला होता.

"एसी कमी करायला पडद्यावर तीन पानं उलटायची? तोवर मी वितळून जाईन!"

"वितळाच काका, म्हणजे दार तरी लागेल तुमच्या गाडीचं."

मतांचे कागद वाटणारी मुलगी खिडकीतून डोकावली. एक कोरा कागद तिने त्याच्या हातात दिला.

"आजोबा, सगळे एकच सांगतायत. दिवे आणि वायपर शेजारी शेजारी, आणि तेही एकाच आकाराचे. तेव्हा कुणी बोललं नाही?"

"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, पोरी. पण साचे तयार झालेले. आणि मालकांची तीन पत्रं आल्याशिवाय तक्रार समितीपुढे जायची नाही, असा नियम. दोघा मालकांनी पत्रं पाठवल्याचं विक्रीवाल्यांकडून कळलं. तिसरं मीच लिहिलं."

"तुम्ही?"

"माझ्या दातांच्या डॉक्टरकडे ही गाडी होती. त्याच्या नावाने, त्याला विचारून. टाइप करून, म्हणजे अक्षर ओळखायला नको." त्याने बायकोकडे मान वळवली. "आणि तेव्हा कंपनीत मालकांची पत्रं फोडायला कोण? ही! हिला पत्ताच नाही. आठवडाभर मला जेवताना हसू आवरत नव्हतं."

मुलगीही हसली. "मग?"

"मग काय! काहीच झालं नाही. समितीने वाचून बाजूला टाकलं असणार. म्हटलं, आपल्यालाच यातलं कळत नसेल. सुट्या भागांच्या गोदामात बदली मागून घेतली."

कुणीतरी हाक मारली तशी मुलगी गेली.

त्या वर्षी त्याची बढती ठरायची होती. पहिली दोन पत्रं तिने खणाच्या तळाशी सारली होती. तिसरं आलं, त्या दुपारी तिन्ही एकदम फाडली. बढती झाली. सहा महिन्यांनी तो गोदामात गेला आणि घरी पुन्हा कधी पेन्सिल घेऊन बसला नाही. कंटाळा आला, एवढंच म्हणाला होता. तिनेही खोदून विचारलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "ते पत्र समितीकडे गेलंच नव्हतं."

"तुला काय माहीत?"

पर्सची कडी तिने उघडली, पुन्हा लावली.

त्याचा हात बटणावरच राहिला.

"तिन्ही?" त्याने विचारलं.

"तिन्ही. तुमची बढती होती."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून पाहिला. हशा पिकला. त्याने दिवे लावले, भिंतीकडे बघत राहिला. मग हातातला कोरा कागद तिच्या पर्सवर ठेवला आणि त्यावर खिशातलं पेन.

चष्मा न शोधताच तिने लिहायला घेतलं. 'महोदय, अंधारात दोन्ही बटणं हाताला सारखीच लागतात. एक गोल ठेवून दुसरं चपटं करता येईल.'

तो वाकून वाचत होता.

"'अगदी सारखीच' लिहिलं होतं मी."

"नाही," मान वर न करता ती म्हणाली. "नुसतं सारखीच."