बुटांच्या खोलीतलं गुणगुणणं

मागच्या दाराजवळ बूट आणि ओले कोट काढून ठेवायची एक खोली होती, तिथेच कोंबडीची पिल्लं ठेवायची असं विलाने ठरवून टाकलं होतं. तिच्या आईनेच ती जागा दाखवली होती म्हणे. तिची आई ॲडेल, तीन हिवाळ्यांपूर्वी बर्फावरून गाडी घसरून तळ्यात गेली, ती गेलीच. येत्या वसंतात पिल्लं आणू, असं लेकीला सांगून ठेवलेलं तसंच राहिलं. त्यानंतर लोरेनने, विलाच्या बापाने, घरात कोंबडीचा विषय काढू दिला नाही. मागच्या उन्हाळ्यात कॉरिन लग्न करून या डोंगरातल्या घरात आली आणि तिनेच नवऱ्यामागे लकडा लावला. पोर आपल्याशी नीट बोलत नाही, निदान या निमित्ताने बोलेल, असं तिला वाटलं.

"आण बाई, काय आणायचं ते," लोरेन शेवटी म्हणाला. "मला मात्र त्यात ओढू नकोस."

कॉरिनने पत्र्याचा जुना टब घासून पुसून ठेवला. सुताराकडून भुशाचं पोतं आणलं. विलाने शाळेतून आल्या आल्या पोत्यात हात घातला.

"हा नाही चालत. पिल्लं दाणे समजून खातात आणि मरतात. रंध्याच्या ढलप्या लागतात, जाड."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने," विला म्हणाली आणि दप्तर उचलून वर गेली.

ढलप्या आल्या. पिल्लांना ऊब देणारा तांबडा दिवा टांगला. पिल्लं यायच्या आधी एक दिवस तो लावून टब गरम होतो का बघायचं होतं. दुपारी कॉरिन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, तेव्हा तिला बुटांच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. बाईमाणूस काम करता करता गुणगुणतं तसं, मधेच थांबून, पुन्हा तिथूनच.

"विला, आज लवकर सोडलं का गं?"

गुणगुणणं थांबलं. कॉरिनने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. दिवा मात्र तिने टांगला होता त्याच्या वरच्या आकड्याला होता. बाहेर शाळेची बस चिखलातून आत्ता कुठे वळण घेत होती.

विलाने घरात येताच तिचा चेहरा बघितला आणि पहिल्यांदाच आपणहून तिच्याजवळ आली. "तुलापण ऐकू आलं?"

"काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस, कॉरिन. टब ठेवल्यापासून येते ती. बाबांना सांगू नकोस हं."

कॉरिनच्या अंगावर सरसरून काटा आला. पण पोर हसत होती. इतके महिने एका घरात राहूनही तिने ते हसू पाहिलं नव्हतं. तिने लोरेनला काही सांगितलं नाही.

शनिवारी दोघी पशुखाद्याच्या दुकानात गेल्या. तांबड्या दिव्यांखाली पिल्लांचा नुसता कलकलाट चालला होता. दुकानातली म्हातारी पर्ली पिल्लं उचलून उचलून खोक्यात ठेवत होती.

"सहाच्या खाली देत नाही मी. एकटंदुकटं पिल्लू झुरून मरतं. घरी नेल्यावर एकेकाची चोच पाण्यात बुडव, पोरी. त्यांना पाणी माहीत नसतं."

"तिला माहितेय सगळं," कॉरिन म्हणाली.

"हो का? मग तू कशाला आलीस?"

"गाडी चालवायला," विला म्हणाली, आणि तिघी हसल्या.

घरी आल्यावर विलाने सहाही पिल्लांच्या चोची बुडवल्या. त्यानंतरचे दिवस कॉरिनने जीव मुठीत धरून काढले. सकाळी दिव्याची उंची बदललेली असायची, आणि बदललेली बरोबरच असायची. पिल्लं गारठून एकमेकांवर चढत नव्हती, की उकडून कडेला पळत नव्हती. लोरेन त्या खोलीत शिरत नसे. जाता येता तिचं दार मात्र ओढून घ्यायचा. विला टबाशी बसून कुजबुजायची, थांबायची, मान हलवायची. कॉरिन आत पाऊल टाकायची ते घाईघाईत, पाठ भिंतीला लावून.

आणि एका सकाळी, विला शाळेत असताना, सगळ्यात लहान पिल्लू डोळे मिटून कोपऱ्यात बसलेलं दिसलं. त्याच्या शेपटीखाली विष्ठा वाळून घट्ट चिकटली होती. कॉरिनने कोमट पाणी घेतलं, फडकं भिजवलं आणि फरशीवर बसली. मूठभर जीव तळहातात थरथरत होता. पुसायला लागली तोच मागे, अगदी खांद्यापाशी, गुणगुणणं सुरू झालं.

तिचे हात थांबले. मागे वळायचा धीर होईना. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. आपण या बाईच्या घरात राहतो, तिच्या लेकीला जेवू घालतो, आणि तिला अजून विसावा नाही, हे मनात आलं आणि तिचे डोळे भरले.

"ॲडेल," ती हळूच म्हणाली, "दमली असशील गं. मी करते सगळं. पोरीलाही बघते. तू जा आता."

गुणगुणणं सुराच्या मधेच तुटलं. खोलीत एकाएकी गारवा आला, मग तोही गेला. कॉरिन पिल्लू पुसत राहिली. दुपारपर्यंत ते खाद्याचा चुरा टिपायला लागलं.

विला आली. बूटही न काढता टबाशी उभी राहिली. कुजबुजली, थांबली, पुन्हा कुजबुजली.

"काय केलंस तू?"

"पिल्लू आजारी होतं. मी त्याला—"

"ते नाही! ती कुठेय?"

कॉरिनला खोटं बोलता आलं नाही. "मी तिला म्हटलं, आता तू जा. मला वाटलं, तिला बरं वाटेल."

"तुला कुणी विचारलं होतं?" विला किंचाळली. "ती माझ्याकडे आली होती! माझ्याकडे!"

आवाज ऐकून लोरेन अंगणातून धावत आला आणि उंबऱ्यातच थबकला. कान देऊन उभा राहिला. त्याचा चेहरा हळूहळू पडला.

"गेली?" त्याने विचारलं.

कॉरिन त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्हालाही—"

"मग काय! दार कशासाठी ओढून घ्यायचो? उघडं राहिलं तर बाहेर निघून जाईल म्हणून." तो पायरीवर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत लपवलं. विला त्याच्या कुशीत शिरली. कॉरिन ओलं फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढे कितीतरी दिवस विला तिच्याशी बोलली नाही. शाळेतून यायची, टबाशी बसायची, मान कलती करून ऐकायची. शेवटी कॉरिनही एका संध्याकाळी तिच्या शेजारी फरशीवर जाऊन बसली. विलाने जागा करून दिली नाही, पण उठूनही गेली नाही.

"मला तिला परत बोलवता आलं असतं तर बोलावलं असतं गं," कॉरिन म्हणाली.

"बोलाव ना मग," विला म्हणाली.

कॉरिनने हाक मारली. एकदा, मग जरा मोठ्याने. पिल्लं दचकून गप्प झाली, आणि दोघी श्वास रोखून वाट बघत राहिल्या.