कबुलाच्या चुलीचा धूर

कबुला म्हातारीशी कोणी धड बोलून सात महिने झाले होते. एकाच अंगणात मुलाचं घर आणि पंधरा पावलांवर तिची झोपडी. पण सून सकाळी पाण्याची बादली दाराबाहेर ठेवायची आणि पाठ फिरवून चालू लागायची. नातवंडांना तिकडे बघायचीसुद्धा बंदी. म्हातारी मग कोंबडीशी बोले. "आज उशिरा उठलीस गं बाई," असं तिला कोंबडीशी बोलताना शेजारणींनी ऐकलं आणि त्याचाही मंत्र करून टाकला.

तिचा गुन्हा एवढाच, की तिचे डोळे लाल होते. आमच्या शिन्यांगा मुलखात म्हातारीचे डोळे लाल दिसले की लोकांना दुसरं काही सुचत नाही. पावसाळ्यात शेजारचं तान्हं मूल तापाने गेलं. मांत्रिक म्हणाला, "लाल डोळे शोधा," आणि गावाने ते पाच मिनिटांत शोधले. चेटकीण! शिकलेसवरलेलेही त्यात होते, हे सांगताना मला शरम वाटते.

तिचा एकुलता एक मुलगा मादुहू बाजारात सायकली दुरुस्त करायचा. 'चेटकिणीचा पोरगा' म्हणत गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली, तसा तोही आईकडे फिरकेनासा झाला.

एका सकाळी म्हातारीच त्याच्या दुकानात आली. हातात चिठ्ठी होती.

"दाराखाली सापडली. मला कुठे वाचता येतं? वाच बरं."

मादुहूने वाचलं, "कापूस वेचून व्हायच्या आत गाव सोड. नाहीतर कोयता चालेल."

"कोणी लिहिलं असेल रे?"

"मला काय ठाऊक! तू आपली मावशीकडे जा म्वान्झाला. तेवढाच बदल होईल."

"मावशी जाऊन तीन वर्षं झाली, बाळा."

मादुहू पाना घेऊन उगाच एक नट आवळत बसला. म्हातारीने कागदाची घडी घातली आणि ती थेट न्यामिझीबाईकडे गेली.

न्यामिझीबाई गावची जुनी सुईण. अर्धं गाव तिच्या हातून जगात आलेलं, त्यामुळे ती कोणालाही झापू शकते. पलीकडच्या गावात एका म्हातारीला मारलं, तेव्हा हिने आठ-दहा जणांना गोळा करून वृद्धांच्या रक्षणासाठी समिती काढली. ज्याला धमकी येईल त्याच्या अंगणात ही माणसं आळीपाळीने बसतात, पोलिसांना कळवतात, घरच्यांना समजावतात. दुसऱ्या दिवशी ती मादुहूच्या दुकानात येऊन ठाण मांडून बसली.

"मादुहू, तुझ्या आईचे डोळे लाल का रे?"

"लोक म्हणतात..."

"लोक गेले खड्ड्यात. तू सांग."

"नाही माहीत, बाई."

"मग तीन दिवस तिचा स्वयंपाक तू कर. तिच्याच चुलीवर, दार लावून."

"मी? चुलीपुढे? गाव हसेल मला! आणि दार कशाला लावायचं?"

"दगड येतात म्हणून. पूर्वी तिची चूल अंगणात असायची, ती आत का गेली ते कधी विचारलंस?"

मादुहूने कधीच विचारलं नव्हतं. त्याच अंगणात तो रोज झोपत होता!

आमच्याकडे झाडं कधीच संपली. चुलीत जातात त्या कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या; त्यांचा धूर उघड्यावरही डोळे जाळतो. शेवटी मादुहूने दार लावून चूल पेटवली आणि झोपडी धुराने भरली. तो खोकून बेजार झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"खाली वाक," म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली. "धूर वर राहतो."

तिसऱ्या दिवशी मक्याच्या पिठाचा उगाली बिनगुठळीचा झाला. आणि मादुहूचे डोळे मिरचीसारखे लाल झाले.

चौथा दिवस बाजाराचा. नेहमीच्या टपरीवर तो चहा घ्यायला गेला. टपरीवालीने त्याच्याकडे पाहिलं आणि पेला हातात न देता बाकाच्या टोकाला ठेवला.

"डोळे बघा याचे! म्हातारीने शिकवलं वाटतं पोराला!"

बाकावरची माणसं एकेक करून उठली. एकाने दुरुस्तीला दिलेली सायकल ओढून नेली. सगळा बाजार माणसांनी फुललेला आणि मादुहूच्या भोवती चार हात रिकामी जागा. लहानपणापासून ओळखीची ती माणसं! चहा गार होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. तेवढ्या वेळात त्याला घाम फुटला. आईने हे सात महिने काढले होते.

दुपारी समितीने गाव जमवलं. न्यामिझीबाईने चिठ्ठी वर धरली. "कोणाचं हे अक्षर?"

"माझं!" मादुहू उभा राहिला. "मी लिहिली ती! आईला कोणी मारू नये म्हणून तिला घालवतोय, असं मी मनाला सांगत होतो. खोटं होतं ते. मला तिची लाज वाटत होती. आता माझे डोळे बघा. तीन दिवसांचा धूर आहे हा, तिने जन्मभर घेतलाय! मला चेटूक कोणी शिकवलं, सांगा!"

टपरीवाली पदराशी चाळा करत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "धुराडं बांधायला माझा नवरा येईल."

सगळेच काही त्या दिवशी सुधारले नाहीत. दोघे-तिघे कुरकुरत उठून गेले. पण अंगणात बसायच्या पाळीसाठी पाच नवी नावं आली.

परतताना मादुहूने विचारलं, "आई, तुला ठाऊक होतं?"

"तू कागद उघडायच्या आधीच मान खाली घातली होतीस."

"मग तिथेच का नाही बोललीस मला?"

"बोलले असते तर तू उठून गेला असतास. दाराखाली कागद दिसला तेव्हा मला बरंच वाटलं रे. म्हटलं, वाचायच्या निमित्ताने तरी पोरगा दोन शब्द बोलेल."

मादुहू रस्त्यातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मंडळी, मारण्याच्या धमकीत एका आईला बोलण्याचं निमित्त सापडलं, इतकं एकटं आपण तिला पाडलं होतं! ज्या दारी आपण जात नाही, तिथल्या माणसाबद्दल काहीही खरं वाटू लागतं. तुमच्याही वस्तीत असं एक दार असेल. आजच जा, आणि काही निमित्त नसताना जा.