ईशान्येकडे उतार

फ्रिज विजेवर चालतो, पण गॅसवर नीट थंड होत नाही. असं असल्यास पुढील क्रमाने तपासा.

क्रमाने म्हणे! उपेंद्रच्या आयुष्यात क्रमाने काही झालं असेल तर शपथ. माहितीपुस्तिका दातांत धरून तो कॅराव्हॅनच्या मागे वाळूत पालथा पडला होता. खोर फक्कानचा समुद्र वीस पावलांवर, सकाळचे दहा, एक्केचाळीस डिग्री. फ्रिजच्या आत सत्तावीस. आणि त्या सत्तावीसमध्ये, दूध आणि श्रीखंडाच्या डब्यामागे, सूर्यकांतांची इन्सुलिनची पाच पेनं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप पुण्याहून तीन महिन्यांसाठी आला होता आणि तीन महिन्यांचं औषध सोबत घेऊन आला होता. कारण "तुमच्या दुबईच्या औषधांवर माझा भरवसा नाही."

१. सिलिंडर भरलेला आहे का?

आहे.

"उघडलायस का पण?" बाहेर ताडपत्रीच्या सावलीत घडीच्या खुर्चीत बसलेल्या सूर्यकांतांनी विचारलं. "नाही, तुझं सांगता येत नाही. इंजिनिअरिंगला बसलास आणि बी.कॉम. होऊन उठलास."

ईशानी हसली. उपेंद्रची मुलगी, बावीस वर्षांची. आजोबांचं मराठी तिला निम्मंच कळायचं, पण टोमणे पूर्ण कळायचे.

२. ज्योत निळी आहे का?

निळी. स्थिर. काजळी नाही.

२. (पुन्हा, कारण बाबा म्हणाले पुन्हा बघ.)

निळी.

"मग बर्नरचं जेट चोंदलं असणार. साफ कर. टूथपिकने नको हां, भोक मोठं होईल. फुंकर मार. पंचवीस वर्षं फाइलींवर फुंकरच मारलीयस ना ऑफिसात?"

"अहो बाबा, राहू द्या ना," आतून स्मिता म्हणाली. सून होती, तेवढंच म्हणू शकत होती.

जेट स्वच्छ होतं. नळी स्वच्छ होती. मागची जाळी मोकळी होती. घरी अल नहदात, इमारतीमागच्या प्लॉटवर, विजेवर हाच फ्रिज बर्फ करत होता. मग गॅसला काय धाड भरली?

३.

तिसऱ्या ओळीपाशी उपेंद्र थांबला.

३. वाहन सपाट जमिनीवर उभे आहे का? या प्रकारच्या फ्रिजला मोटर नसते. आतील द्रव केवळ स्वतःच्या वजनाने उतरतो. वाहन कलते असल्यास तो साचून राहतो.

काल संध्याकाळी इथे पोचल्यावर कॅराव्हॅन सरळच उभी होती. सूर्यकांतांनी होकायंत्र काढलं. पी.डब्ल्यू.डी.तला निवृत्त इंजिनियर, पण वास्तुशास्त्रापुढे त्यांची डिग्री गुडघे टेकायची. ईशान्य उतरती हवी, नैऋत्य उंच. चार रात्री झोपायचंय ना इथे? मग नैऋत्येच्या चाकाखाली ठोकळे घाला. उपेंद्र म्हणाला होता, "बाबा, सरळच राहू द्या ना." त्यावर बाप नातीकडे वळून म्हणाला होता, "बघ, बी.कॉम. मला उतार शिकवतंय." आणि ठोकळे घातले गेले होते. तीन.

अकरा वाजता उपेंद्र आत गेला, हत्यारांच्या पेटीतली छोटी पाणसळ घेतली आणि फ्रिजच्या तळाशी ठेवली. बुडबुडा पळत जाऊन कडेला चिकटला.

आता इथे जे घडलं ते नीट सांगायला हवं, कारण घडलं काहीच नाही.

तो दारात जाऊन म्हणू शकला असता, बाबा, सापडलं. ठोकळे काढायला पाच मिनिटं. पण बाप म्हणाला असता, मग मी कुठे म्हटलं ठोकळे कायमचे आहेत? पुन्हा त्याचीच सरशी. नाही. औषध एकदा उकडू दे. पूर्ण. मग बुडबुडा समोर धरीन. मग बोल.

त्याने पाणसळ खिशात टाकली. बाहेर जाऊन पुन्हा जेटवर फुंकर मारत बसला. चांगला दीड तास. स्वच्छ जेटवर.

दीड वाजता सूर्यकांतांनी शर्ट वर करून पोटात सुई टोचली आणि ते जेवायला बसले. उपेंद्रने पाहिलं. फ्रिजमध्ये आता एकतीस होते. पाणी टोचतोय म्हातारा, त्याला वाटलं, नुसतं कोमट पाणी. त्यात भय होतं की आनंद, हे त्याने तपासलं नाही.

पुऱ्या. बटाट्याची भाजी. श्रीखंड.

"वाढ रे अजून," सूर्यकांत उपेंद्रला म्हणाले.

स्मिताने डबा हातात घेतला, पण वाढलं नाही. उपेंद्रकडे बघितलं. "बाबांना दुसऱ्यांदा गोड? वाढू का? तुम्ही सांगा."

"वाढ ना. सुट्टीवर आलेत." तिचा हात हलेना, म्हणून डबा घेऊन त्यानेच वाढलं. डावभर.

सूर्यकांतांनी वाटी चाटूनपुसून संपवली. शेवटपर्यंत मुलाकडे बघत.

चार वाजता उपेंद्रला राहवेना. त्याने पाणसळ बापाच्या गुडघ्यावर ठेवली. वाक्य दुपारभर घोटून ठेवलं होतं. "गॅसचा दोष नव्हता, बाबा. तुमच्या उताराचा होता. ती सगळी पेनं आता टाकून द्यायची."

"हो का? कधी कळलं?"

"आत्ता."

"अकराला कळलं." सूर्यकांतांचा आवाज चढलेला नव्हता. असा आवाज उपेंद्रने कधी ऐकलाच नव्हता. "दारातून सरळ दिसतोस तू. बुडबुडा बघितलास, खिशात घातलास. म्हटलं, येईल आता सांगायला. नाही आलास. मग तू मागे फुंकर मारत होतास तेव्हा स्मिताला पाठवलं पेट्रोल पंपावर, बर्फ आणायला. म्हटलं, फार्मसीतून दोन नवी पेनंही आण. दुबईची. टॉवेलात गुंडाळून आइसबॉक्समध्ये आहेत. दुपारी तेच टोचलं."

उपेंद्रने स्मिताकडे पाहिलं. ती ताटं पुसत होती. पुसलेलं ताट पुन्हा पुसत होती.

"मला वाटलं, सुई टोचायच्या आधी सांगशील," सूर्यकांत म्हणाले. "मग वाटलं, श्रीखंडाच्या आधी. उताराचं चुकलं माझं. लिहून घे हवं तर."

पन्नास वर्षं ज्याची वाट बघितली, ते वाक्य असं आलं आणि कोणी ऐकलंसुद्धा नाही.

"डॅड," ईशानी म्हणाली, "यू गेव्ह हिम सेकंड्स. श्रीखंड."

"अगं, मी... तसं नाही..."

"खलास," सूर्यकांत म्हणाले. इथे आल्यापासून शिकलेला एकच अरबी शब्द, 'पुरे' अशा अर्थाचा. "चहा करा कोणीतरी. बिनसाखरेचा."

सवयीने उपेंद्र उठला. भांड्याकडे हात गेला.

"तू नको," बाप म्हणाला. "ईशानी करेल."