चावी चुकवायची नाही

मित्रांनो, मी एक जुना होल्टर आहे. होल्टर म्हणजे हृदयाचे ठोके दिवसरात्र नोंदवणारी, तळहातावर मावणारी पेटी. मला बोलता येत नाही, फक्त लिहिता येते. हे लक्षात असू द्या.

माझी पिशवी आता विरली आहे. तारा दोनदा बदलल्या आहेत. कितीतरी छात्यांवर मी रात्री काढल्या, पण सांगायचे आहे ते घड्याळजी आजोबांविषयी.

त्यांचे हृदय अधूनमधून ताल सोडत असे, म्हणून दवाखान्यातल्या तपासनीस ताईंनी मला त्यांच्या छातीवर बसवले. सोबत एक वही दिली. काय केले आणि कधी केले, ते तिच्यात लिहायचे. बाकीचे रुग्ण 'सकाळी', 'दुपारी' असे मोघम लिहितात. आजोबांनी मिनिटे लिहिली. सहा दहा, फिरायला निघालो. सहा बावन्न, परत. बरे वाटले.

त्यांच्याकडच्या माझ्या पहिल्या दोन खेपांना हवा स्वच्छ होती आणि ठोके सरळ. तिसऱ्या खेपेला सकाळी समोरची इमारत दिसेना. धूर रस्त्यावर बसून होता. आजींनी आजच्या दिवस राहू द्या म्हणून सांगून पाहिले.

आजोबा बुटाची नाडी बांधत म्हणाले, "ही रोजची चावी आहे. चावी चुकली की घड्याळ बंद पडतं."

"आणि बंद पडलं तर मी कुणाकडे नेऊ? दुरुस्त करणारे तर तुम्हीच."

ते हसत निघाले. आठ वाजून चार मिनिटांनी, चहा पिताना, ठोके विस्कटले. एक लवकर, दोन उशिरा, मग दाणे सांडावेत तसे मूठभर एकदम. एकवीस मिनिटे. आजोबांना काहीच कळले नाही. मला कळले. मी लिहिले आणि गप्प राहिलो.

ताईंनी माझी नोंद आणि वही शेजारी शेजारी ठेवून मिनिटे जुळवली. म्हणाल्या, "तीन नोंदींवरून मी छातीठोक सांगणार नाही. पण बारीक धूर फुप्फुसातून रक्तात उतरतो. नाजूक हृदयाचा ताल त्यानं बिघडू शकतो." मग त्यांनी विचारले, "असल्या हवेत तुम्ही घड्याळाचं झाकण उघडाल का, आजोबा?"

आजोबा म्हणाले, "नाही उघडणार."

तेव्हापासून धुराच्या दिवशी ते घरातच चालतात. खिडकीच्या फटींना त्यांनी कागदाच्या पट्ट्या लावल्या, अगदी सफाईने. चौथ्या खेपेला वहीत दिवसभर एकच शब्द होता : घरीच. घरीच. घरीच. तरी दुपारी तीन सतराला दाणे पुन्हा सांडले. या वेळी चौतीस मिनिटे.

घड्याळाला घट्ट झाकण बसवता येते. घराला येत नाही.

मित्रांनो, कचरा पेटवण्याआधी, उभ्या गाडीचे इंजिन उगाच चालू ठेवण्याआधी, एवढे आठवा की कुठल्याशा बंद खिडकीआड मी कुणाच्या तरी छातीवर लिहीत बसलो आहे. माझे लिहिणे कुणाला थांबवू शकत नाही. तुम्ही थांबू शकता.

उद्या मला पुन्हा आजोबांकडे जायचे आहे. आज ताईंच्या खिडकीतूनही समोरचे काही दिसत नाही. आणि बंद पडलं तर कुणाकडे नेऊ, असे आजींनी विचारले होते, त्याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.