नावेच्या तोंडाला हळदकुंकू

जावई घरातून काही घेऊन निघाला, तर सासूनं हसून निरोप द्यावा अशी रीत आहे. मी दार उघडलं, निरोप दिला, पण हसले नाही. कारण हर्षदरावांच्या हातात होती ती आमच्या मालकांची नाव होती.

आमचे मालक, एकनाथराव, रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायचे. हात मोठा कसबी. लग्नाआधी औरंगाबादेला नोकरीवर असताना त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यात भिंतीवर रंगवलेलं जुनं जहाज पाहिलं आणि सागवानाचे तुकडे जमवून तसंच हातभर लांबीचं घडवलं. तीन डोलकाठ्या, कापडाची शिडं, मागच्या अंगाला सुकाणू, आणि बोटाच्या पेराएवढे रांजण ओळीनं मांडलेले. आमच्या दोन्हीकडच्या पिढ्या परभणीकडच्या काळ्या मातीत गेल्या, समुद्र कुणी बघितलेला नाही. पण हे गेले आणि त्यांच्या हातचं म्हणून हैदराबादेत काचीगुड्याच्या या घरात तेवढंच उरलं. हत्यारं त्यांनीच नजर अधू झाल्यावर एका सुताराला देऊन टाकली होती. फोटो आहे भिंतीवर, पण तो स्टुडिओवाल्यानं काढलेला. नाव यांनी केलेली. ती गेली असती तर माझ्याकडे यांचं काय राहिलं असतं?

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पाटावर रंधा, पटाशी, करवत मांडायची आणि मधोमध नाव. लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला यांनी ती ट्रंकेतून काढली, धोतरात गुंडाळलेली, आणि सासूबाई म्हणाल्या, लाव हळदकुंकू. मी नवी नवरी, मान खाली, सासू शेजारी. बघते कशाला नीट? शेतकऱ्याची लेक मी. पोळ्याला बैलाच्या शिंगांना तेल आणि कपाळाला कुंकू, एवढं मला येत होतं, आणि त्या नावेचं पुढचं टोक मला बैलाच्या तोंडासारखंच दिसलं. दोन्ही बाजूंनी तेल चोळलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या. हे हळूच म्हणाले, "जरा मागं लाव." झालं, म्हटलं मनात, माझं बोट लागलेलंसुद्धा यांना खपत नाही. मग मुद्दाम तिथंच लावलं. पुढं दर नवमीला तेच. ते म्हणायचे जरा मागं, मी लावायची पुढंच. हे गेल्यावर हत्यारं नव्हती तरी मी एकट्या नावेची पूजा चालू ठेवली. तेव्हा कुणी काही म्हणत नव्हतं, तर तेही बरं वाटायचं नाही.

आमची प्रियदर्शिनी दिली पुण्याला. जावई कंप्यूटरवाले. हैदराबादेत नव्या कंपन्या निघायला लागल्या तसे ते इकडे आले आणि अंबरपेठेत फ्लॅट घेऊन राहिले. लेक जवळ आली, मला आनंद झाला. पण जावयांना एक नाद. सुट्टीच्या दिवशी टेबलावर दिवा आणि भिंग लावून बोटाएवढी विमानं आणि जहाजं जोडत बसायचं. माणूस मोठा पगार घेतो आणि लहान मुलाचा खेळ खेळतो, हे मला सरळ वाटत नव्हतं.

श्रावणात जेवायला आले आणि नजर नावेवर गेली.

"आई, हिच्यावर तेलाचा आणि काजळीचा थर चढलाय. शिडं तर कुजलीयेत," हर्षदराव म्हणाले. "मला द्या थोडे दिवस. मी जशी होती तशी करून देतो."

"जशी होती तशी म्हंजे? आता ती कशी हाय मग?" मी विचारलं.

"आई," प्रिया डोळे वटारून म्हणाली. जावयासमोर लेकीनं डोळे वटारले की सासूला गप्प बसावं लागतं. नाव दिली मी. पण त्यांची पाठ वळल्यावर नावेच्या पोटाला तेलात कालवलेल्या कुंकवाची एक रेघ ओढून ठेवली. खूण असलेली बरी. विश्वास पानिपतातच गेला, हे पुण्याच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

मला उगीच संशय येत नव्हता. त्या दिवसांत आमच्या गल्लीत जुनं विकायची आणि नवं घ्यायची साथच आली होती. टेंपो यायचा, शिसवी खुर्ची घ्यायचा, प्लॅस्टिकच्या दोन द्यायचा. समोरच्या रंजनाबाईंनी सासऱ्यांची आरामखुर्ची अशीच दिली. पुढं पुतणीच्या रिसेप्शनला एका नव्या हॉटेलात गेल्या तर तीच खुर्ची दारातच, मखमल लावून, कुंड्यांच्या मधे. बाई तिच्यावर बसायला गेल्या तर वर्दीवाल्यानं बसू दिलं नाही.

पितृपक्ष संपता संपता मी धपाट्यांचा डबा घेऊन बसनं अंबरपेठेला गेले. नाव बघायची होती, धपाटी आपली निमित्ताला. आतल्या खोलीत ती चादरीखाली झाकलेली. टर्पेंटाइनचा वास सुटलेला.

"आई, हात नका हं लावू, पॉलिश ओलं आहे," हर्षदराव म्हणाले आणि माझ्या तोंडावर दार लोटून घेतलं. अगदी हळू लोटलं, पण लोटलं. टेबलावर फोटोंची गड्डी होती. नावेचेच फोटो, इकडून, तिकडून, जवळून. मुलगी बघायला आलेल्यांनीसुद्धा एवढे फोटो मागितले नसते.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात त्यांना फोन आला. भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं. "ओरिजिनल मिळालं तर उत्तमच रे. नाहीतर डुप्लिकेट बसवून देऊ. आईंच्या लक्षातही यायचं नाही."

मी भांडं तसंच ठेवून बाहेर आले.

"हे फोटो कायकू काढून राहिलेत?" मी प्रियाला विचारलं.

"अगं, काम करताना लागतात त्याला. तू आता पोलिसासारखी चौकशी नक्को करू," ती म्हणाली आणि धपाटी मोजून झाकून ठेवली. बोलावं तरी कुणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ. मी परत आले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी रंजनाबाई खास ओटा उतरून सांगायला आल्या.

"पद्मक्का, तुमचे जावई दिसले की आबिड्सला. पोस्टाच्या मागं. दुकानदाराला फोटो दाखवून राहिले होते."

"कसले फोटो?"

"मी कायको डोकावू? जहाज की काय होतं. पण शेजारचं दुकान जुन्या सामानाचं हाय. हॉटेलवाले तिथूनच उचलतात."

आता राहिलं काय? नाव हॉटेलात जाणार, तिच्यासारखी दुसरी माझ्या घरी येणार, आणि मी तिला आयुष्यभर कुंकू लावत बसणार. वर्दीवाला मला यांच्या नावेला हातसुद्धा लावू देणार नाही. या एका विचारानं माझं डोकं फिरायची वेळ आली. जाऊन मागून आणावी, तर लेकीचा संसार. गप्प बसावं, तर यांची नाव. मी गप्प बसले आणि मनात सगळं साठवत राहिले.

अष्टमीच्या दुपारी दोघं आली. गल्लीत तेलुगू बायका बतुकम्माच्या सणासाठी झेंडू आणि पिवळ्या तंगेडूची फुलं उतरंडीसारखी रचत होत्या, त्यांच्यातून वाट काढत हर्षदराव टीव्हीचं रिकामं खोकं दोन्ही हातांनी धरून आले. पाटावर ठेवलं. उघडलं.

नाव आतून मधासारखी पिवळीधमक निघाली. शिडं नवी, पण चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखी जुनी दिसणारी. दोऱ्या ताणलेल्या. रांजण एकेक वेगळा दिसत होता. आणि पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना, एकेक डोळा. तुरीच्या डाळीएवढा, पांढरा, आत काळा ठिपका. तो माझ्याकडे बघत होता.

मी नाव उलटी केली. पोटावर कुंकवाची रेघ नव्हती.

"ही आमची न्हाई," मी म्हणाले.

"काय?" प्रिया म्हणाली.

"आमच्या नावेला डोळे नव्हते. संसार केला मी तिच्यासंगं. खूण केली होती पोटाला, ती बी न्हाई. असली कुठं हाय ते ह्यांना विचार. आबिड्सला कुणाला फोटो दाखवले, विचार. डुप्लिकेट बसवलं तर आईंच्या लक्षात येणार न्हाई, हे कुणाला सांगितलं, ते बी विचार."

हर्षदरावांचा चेहरा उतरला. चोराचा उतरतो तसाच उतरला, असं मला तेव्हा वाटलं. प्रियानं खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली.

"चल हर्षद," ती म्हणाली. "जिथं तुला चोर म्हणतात, तिथं मी पाणीसुद्धा प्यायची नाही."

ते उठले खरे, पण चपला घातल्या नाहीत. बाहेर स्कूटरच्या डिकीतून एक पिशवी आणि एक काडेपेटी घेऊन आले. पिशवी माझ्यासमोर उघडली. आत कापसाचे बोळे आणि फडक्यांचे तुकडे, काळे, पिवळे, लाल.

"हे निघालं, आई. हळदकुंकू आहे, केरात टाकवेना. तुमच्याकडे द्यावं, तुम्ही सोडाल पाण्यात, म्हणून ठेवलं. तुमची खूण यातच गेली असेल. मला काय माहीत ती खूण आहे."

फडकी कुणीही पिवळी करील.

मग त्यांनी काडेपेटी सरकवली. "आणि या गोळ्या. तोंडाजवळच्या थरात रुतलेल्या होत्या. कसल्या ते मला कळेना. बाबांनी जहाजावरचा माल म्हणून केल्या असतील, असं वाटलं. म्हणून एकही टाकली नाही. कुठं बसवायच्या ते तुम्ही सांगा."

मी पेटी उघडली. आत काळे गोल दाणे होते, कापसावर नीट मांडलेले. एक नखानं चिरडला. आतून पांढरं पीठ निघालं.

ज्वारी होती ती.

आमच्या घरात खंडेनवमीच्या अक्षता तांदळाच्या नसतात, ज्वारीच्या असतात. जे शेतात पिकतं ते हत्याराला वाहायचं, असं सासूबाई म्हणायच्या. पुण्याच्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. आबिड्सच्या दुकानदाराला तर नव्हतंच. माझ्याच बोटांनी टाकलेले, माझ्याच तेलात बसलेले दाणे होते ते, आणि या माणसानं ते माल समजून जपून ठेवले होते.

"थर खरवडत नव्हतो मी, नुसता बोळा फिरवत होतो," हर्षदराव सांगत होते. "काळा थर, मग पिवळा, मग लाल, की पुन्हा काळा. आणि एकदम खालून हे पांढरं चमकलं. शिंपला बसवलाय बाबांनी, आई. जुन्या जहाजांना पुढं डोळे काढायचे, वाट दिसावी म्हणून. पण दुसऱ्या बाजूला नुसती खाच होती. डोळा कधीतरी निखळून गेला असणार. तसा शिंपला शोधत होतो. शेवटी आबिड्सला बटणांच्या दुकानात एक शिंपल्याचं बटण मिळालं, ते घासून बसवलं. फोनवर मी तसं म्हणालो, ते खरं आहे. तुम्हाला न सांगता बसवणार होतो. पण डावा माझा आहे, आई. बाबांचा उजवा."

प्रिया दारातच उभी होती.

मी नाव उजव्या अंगानं फिरवली. तो डोळा यांनी केलेला. माझं लग्न ठरण्याआधी, मला बघण्याआधी बसवलेला. आणि मी घरात आल्या आल्या त्यावर तेल चोळलं. जरा मागं लाव, एवढंच म्हणायचे ते. डोळा आहे तिथं, असं एकदा तरी सांगायचं की नाही? पण सासूबाई शेजारी, नवी नवरी, कशाला लाजवायचं तिला, असं पहिल्या वर्षी वाटलं असेल. पुढं मी हट्टानं लावते हे कळलं असेल, तेव्हा बहुतेक हसून सोडून दिलं असेल. मी समजत होते की माझं बोट त्यांना नको आहे. मला सगळ्यांसमोर रडू कोसळलं. जावयासमोर मी याआधी कधी रडले नव्हते.

माफी मागायला मला जमत नाही. पदराला डोळे पुसून झाल्यावर म्हटलं, "उद्या नवमी हाय. सकाळी तुमची हत्यारं घेऊन या."

"कसली हत्यारं?" हर्षदरावांनी विचारलं.

"ती ब्रशं. चिमटे. भिंग बी आणा."

"आई, भिंगाला हळदकुंकू नक्को लावू," प्रिया म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला. यांची हत्यारं गेल्यापासून तो मोकळा मोकळा दिसायचा, तो भरला. एका बाजूला बारीक ब्रश ओळीनं, चिमटे, भिंग, पॉलिशची बाटली. मधोमध नाव. भिंगाच्या दांड्याला एक टिकली लावली, काचेला नाही. ताज्या ज्वारीचे दाणे वाहिले. मग बोट तेलात बुडवलं, हळदीत बुडवलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हात गेला तो सरळ नावेच्या तोंडाकडं.

"आई," हर्षदराव हळूच म्हणाले, "जरा मागं लावा."

मी हात मागं घेतला आणि सांगितलं तिथं लावलं.